आबांच्या हाताच्या बदल्यात आलेली गाडी

आबांची चार बोटं गेली, त्याच्या बदल्यात मिलच्या शेठने आम्हाला एक बंद मोटारसायकल दिली. हे ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांना वाटलं, मी तिखटमीठ लावते आहे. मी काहीही लावलेलं नाही.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या दिवसांत अर्धं सुरत पळालं होतं. उधन्यातली आमची गल्ली रिकामी झाली होती, खानदेशाकडे जाणाऱ्या गाड्यांच्या दाराला माणसं लोंबकळत होती. माझे वडील, म्हणजे आबा, थांबले. पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये ते फिटर होते. यंत्र बिघडलं की दुरुस्त करायचं, एवढंच त्यांचं काम. पण माणसं कमी पडली म्हणून शेठने त्यांना रोलरवर उभं केलं, आणि काम भराभर व्हावं म्हणून रोलरपुढची जाळी काढायला लावली. ओल्या कापडाबरोबर उजवा पंजा आत ओढला गेला. अंगठा तेवढा वाचला.

शेठ म्हणाला, जाळी तूच काढली होतीस, चूक तुझी. मग उपकार केल्यासारखं त्याने बॉयलरमागे गंजत पडलेल्या मोटारसायकलकडे बोट दाखवलं. फिटर आहेस, चालू करून घे. आणि आबांनी ती घेतली. मला शेठचा राग आला तो आलाच, पण टेम्पोतून ती गाडी उतरवताना आबांच्या चेहऱ्यावर जो आभार मानल्यासारखा भाव होता, त्याचा राग जास्त आला.

जुनी टू-स्ट्रोक गाडी होती ती, दोन सायलेन्सरची. टाकीला गंजाची भोकं, सीटमध्ये उंदरांचं घर, आणि किक तर खालीच जात नव्हती. इंजिन पार जाम झालेलं. काही आठवडे ती गोणपाटाखाली भिंतीला टेकून राहिली. आबा दिवसभर खाटेवर बसून तिच्याकडे बघत. माय, माझी मोठी बहीण आक्का आणि मी साड्यांवर टिकल्या चिकटवत बसायचो. बारावी होऊन मला दीड वर्ष झालं होतं. इच्छापोरच्या एका कारखान्यात विजेच्या मोटारींची कॉइलं गुंडाळायला मुली घेत होते. पण उधन्याहून तिथं वेळेवर पोहोचवेल अशी बस नव्हती.

एक दिवस मी आबांना म्हटलं, तुम्ही सांगा, मी खोलते. त्यांनी माझे दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. मग म्हणाले, "चालू व्हयनी ते गाडी तुनी."

चालू झाली तर गाडी माझी, हे वाक्य माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. माय समोर होती.

सगळा हिवाळा मी त्या इंजिनात घातला. आबा खाटेवरून सांगायचे, मी करायचे. चार बोल्ट काढून इंजिन फ्रेममधून उतरवलं, तेव्हा माझ्या पायावर पडता पडता राहिलं. पिस्टन सिलिंडरला असा चिकटला होता की चार दिवस त्यात रॉकेल ओतून ठेवावं लागलं. मग लाकडाचा ठोकळा लावून हातोडीने हळूहळू ठोकत सुटा केला. माझ्या नखांतलं काळं तेल टिकल्यांच्या साड्यांना लागू लागलं आणि मायने मला त्या कामावरून उठवलं. गल्लीतल्या बायका मायला म्हणत, हिचं लग्न कसं होणार. माय काहीच बोलायची नाही, याचाही मला राग यायचा.

सिलिंडर आतून घासून घ्यायला मी उधन्याच्याच एका लेथवाल्याकडे गेले. त्याने माझ्या हातातला सिलिंडर बघितला, मग माझ्यामागे कोणी पुरुष येतो आहे का ते बघितलं. "कोने मोकली तने?" तुला कोणी पाठवलं. मी म्हटलं, कोणी नाही, माझंच काम आहे. त्याने मला तीन खेपा घालायला लावल्या. चौथ्या वेळी मी दुकानाच्या पायरीवर बसून राहिले, तेव्हा त्याने काम हातात घेतलं. मापं मात्र चोख धरली, हे सांगितलं पाहिजे.

आबा शिकवत तेव्हा मात्र वेगळेच असत. चिडत नसत, घाई करू देत नसत. पिस्टनच्या खोबणीत एक बारीक खुंटी असते, रिंगेची दोन्ही टोकं तिच्यावरच यायला हवीत, नाहीतर इंजिन चालू झाल्यावर रिंग तुटते. पिस्टनची पिन अडकवणारी क्लिप बसवताना खालच्या तोंडात चिंधी कोंबायची, नाहीतर क्लिप उडून आत पडते आणि सगळं पुन्हा खोलावं लागतं. प्लगची ठिणगी नेमक्या वेळेला पडते का ते सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाने बघायचं. सांगताना त्यांचा उजवा अंगठा हवेत एकटाच हलत राहायचा. ते दिवस चांगले होते. म्हणूनच पुढचं मला सोसलं नाही.

मधेच माघात आक्काचं लग्न झालं. धुळ्याकडचं स्थळ, घरची शेती, मुलगा सुरतेतच साडीच्या दुकानात. लग्न धावपळीत झालं आणि मी परत इंजिनाकडे वळले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आक्का पहिल्यांदा माहेरी आली, त्याच आठवड्यात गाडी चालू झाली. सतरा-अठरा किका खाल्ल्या आणि मग एकदम फटफटली. गल्ली निळ्या धुराने भरली. आबा खाटेवरून उठून उभे राहिले आणि मी रडले, हेही खोटं कशाला सांगू.

चार दिवसांनी दाजी आणि त्यांचे वडील आले. मी चहा घेऊन बाहेर आले तर ते गाडीभोवती फिरत होते. दाजींनी टाकीवर हात ठेवला होता, जसा आपल्याच वस्तूवर ठेवतात. त्यांच्या वडिलांनी विचारलं, इंजिन कोणी बांधलं? आबा म्हणाले, "मी सोता बांधं. एक हातवर."

तिथंच मला सगळं कळलं. सुपारी फुटली तेव्हाच गाडी हुंड्यात बोलली गेली होती. आक्काला माहीत होतं, मायलाही माहीत होतं. आखाजीनंतर आक्काने गाडीबरोबरच सासरी जायचं, असं ठरलं होतं. आठ दिवसांनी ते गाडी न्यायला येणार होते. सबंध घरात एकटी मीच ती माझी समजून पुसत होते.

मी चहा ठेवला आणि आत गेले. भांडले नाही. दुसऱ्या दिवशी आबा दवाखान्यात गेले होते तेव्हा इंजिन उतरवलं आणि शेवटच्या वॉशरपर्यंत खोललं. सगळे भाग गोणपाटावर ओळीने मांडले. आबा आले, दारात थांबले. मी म्हटलं, "तुम्हीच बांधं ना? ते आते बांधा."

त्यांनी मला मारलं नाही, शिवीही दिली नाही. खाली बसले आणि डाव्या हाताने सुरुवात केली.

तीन दिवस ते बसले. पिस्टन गुडघ्यांत धरायचे, तो निसटायचा. नट फिरवताना पाना सुटून उरलेल्या अंगठ्याला लागला. मी समोर डाळ निवडत बसले होते. माय डोळ्यांनी मला विनवत होती, आक्का पाठ फिरवून झोपली होती. मला उठता आलं असतं. मी उठले नाही. तिसऱ्या दुपारी नवी रिंग त्यांच्या हातात तुटली. दोन तुकडे त्यांनी नीट गोणपाटावर ठेवले आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड केलं. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. फक्त आणखी राग आला. आता तो कुणाचा, हे मला सांगता आलं नसतं.

दाजींचे वडील टेम्पो घेऊन आले. आबा उठून बसले आणि म्हणाले, "इंजिन धाकलीनं बांधेल व्हतं. आते ती बांधाव नही." आता ती बांधणार नाही, एवढंच. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

व्याही आधी हसले, मग त्यांना तो अपमान वाटला. बोलणं वाढलं, आणि ते गाडी न घेता, आक्कालाही न घेता गेले.

आक्का पाच महिने आमच्याकडे राहिली. त्या पाच महिन्यांत ती माझ्याशी एकदाच बोलली. मी नवी रिंग आणून इंजिन परत बांधलं तेव्हा म्हणाली, "तुझं काय गेलं? घर माझं गेलं." दिवाळीनंतर दाजी एकटेच आले, वडिलांना न विचारता, आणि तिला घेऊन गेले. चांगला माणूस निघाला. पण हे मला आधी कुठे माहीत होतं?

मी तीन वर्षं त्या गाडीवर इच्छापोरला गेले. सिग्नलला माणसं बघायची, काही बोलायची, मी ऐकून घ्यायचे नाही. आबा कधी मागे बसले नाहीत. आवाजात फरक पडला तर मात्र संध्याकाळी खाटेवरून सांगायचे, चेन ढिली आहे, कार्बोरेटर साफ कर. मी करायचे. त्या तीन दिवसांबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नाही.

आक्काच्या नवऱ्याला गाडी देऊन मी गप्प बसायला हवं होतं, असं अजूनही काही नातेवाईक म्हणतात. आक्का तसं म्हणत नाही, पण माझ्या घरी ती मुक्कामाला राहत नाही.