आज मी कोणाकडचा?

फाटकाशी आले की काका आधी घसा साफ करायचे, तळहाताने केस बसवायचे आणि मग मला विचारायचे, "बोला मालक, आज मी कोणाकडचा?"

लग्नात दारावर विचारतात ना, मुलाकडचे की मुलीकडचे, तसंच. फरक एवढाच की लग्नातल्या पाहुण्याला उत्तर माहीत असतं. काकांना ते दर रविवारी माझी बायको रेखा सांगायची तेव्हा कळायचं.

हे कसं सुरू झालं ते सांगायचं तर आधी माझं शहाणपण सांगावं लागेल. ते फार नाही, लवकर संपेल.

दिंडोरीच्या अलीकडे आमची द्राक्षबाग आहे. बागेतलं मला फारसं कळत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, मलाच उशिरा समजलं. माझा मावसभाऊ इंग्लंडात, खेड्यापाड्यांच्या एका जिल्ह्यात राहतो. तो तिथल्या रविवारचे व्हिडिओ पाठवायचा. माणसं गाडी भरून शेतावर जातायत, तिकीट काढून कोकरांना बाटलीने दूध पाजतायत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतायत, आपल्या हाताने फळं तोडतायत आणि मक्याच्या उंच शेतात केलेल्या चक्रव्यूहात मुद्दाम हरवतायत. मी ते बघून पेटलोच. हे सगळं आपल्याकडे आधीपासून आहे, फक्त तिकीट नाही, असं रेखाला म्हणालो. ती वणीकडची, शेतकऱ्याचीच मुलगी. म्हणाली, "ट्रॉलीत बसायला पैसे? आमच्याकडं लोक उतरायला देतील." मी तिकडे लक्ष दिलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे बोर्ड रंगून तयार होता.

पहिल्याच रविवारी शेळीच्या पिल्लाला बाटली लावायला दिली, तर एका गृहस्थाने आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, केवढ्याला देणार? द्राक्षं तोडायला म्हणून जे कुटुंब आलं ते निघालं स्वतःच बागायतदार. त्यांनी एक घड तोडला नाही. तासभर वेलीखाली उभं राहून माझी छाटणी कुठे चुकली ते समजावलं आणि जाताना मला एक औषध लिहून देऊन गेले. मक्याच्या चक्रव्यूहाचं तर विचारूच नका. उद्घाटनाला मी ऐटीत पुढे झालो, मागे मंडळी. पाहुणे बाहेर पडले, मी आतच. पुढे लोकांनी चक्रव्यूहाच्या भिंतींची कणसं तोडून तिथेच चुलीवर भाजायला मागितली. पोरांनी भिंतीतून सरळ वाटा पाडल्या. तुम्ही आला असतात तर तुम्हीही हेच केलं असतं. मक्याकडे आपण भिंत म्हणून बघूच शकत नाही.

मग दारूच्या बाटल्या घेऊन पोरांची टोळकी यायला लागली, तेव्हा मी बोर्डवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, फक्त कुटुंबांसाठी. मावसभावाला फोटोही पाठवला. व्यवस्थापन म्हणजे काय ते त्यालाही कळावं.

त्यानंतरच्याच रविवारी नाशिकरोडचं एक कुटुंब संध्याकाळी परत निघालं. बाई रेखाला म्हणाल्या, "सगळं छान. पण तुमचे काका म्हणजे फारच गोड माणूस हो."

मी म्हटलं, "आमचे? ते तुमच्याबरोबर आलेत ना?"

दोन्हीकडचे आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मधे काका वाकून चपलेचा पट्टा लावत होते, गरजेपेक्षा जास्त वेळ. सत्तरीच्या आसपासचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. उठून म्हणाले, "मालक, बोर्डवर कुटुंबांसाठी लिहिलंय. मी कुटुंबाबरोबरच आत आलो. कुठल्या, ते लिहिलेलं नाही."

मी नियमांवर बोलायला तोंड उघडलं होतं. रेखाने मला पाण्याच्या टाकीकडे पिटाळलं आणि त्यांना म्हणाली, पुढच्या रविवारी या काका, मी देते तुम्हाला लावून कोणाबरोबर तरी.

काका पंचवटीत दोन खोल्यांत एकटे राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्यात. नोकरी सगळी बसस्थानकावर गेली, तीही माइकपुढे. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते ते सांगणारा तो आवाज, ज्याचा धनी आपल्याला कधीच दिसत नाही, तो हा माणूस. आयुष्यभर सगळ्या गावांची नावं घेतली आणि कुठेच गेलो नाही, असं ते हसत सांगायचे. रविवारी लोक घरच्यांना घेऊन बाहेर पडतात, तेव्हा खोलीत बसवत नाही, हेही एकदा सांगितलं. हे मात्र हसत नाही.

रेखा त्यांच्यासाठी कुटुंब निवडायची ते अगदी स्थळ बघितल्यासारखं. नवीन जोडपं नको. फार फोटो काढणारे नकोत. म्हातारी आई कंटाळून गाडीतच बसलीये, असं घर उत्तम. मग ती ओळख करून द्यायची, हे आमचे काका, आज तुमच्याबरोबर फिरतील. काका पुढे होऊन हात जोडायचे, आपलं नाव, गाव, नोकरी सांगायचे. समोरचे "अरे वा" म्हणायचे. त्या "अरे वा"वर त्यांचा अख्खा आठवडा निघत असावा.

माझ्या धंद्याला खरा हातभार लागला तो त्यांचाच. मक्यात कोणी हरवलं की काका बांधावर उभे राहून कमावलेल्या आवाजात सांगायचे, "चुकलेल्या प्रवाशांनी कृपया आवाजाच्या दिशेने यावे." यात बऱ्याचदा मी असायचो. एकदा सिन्नरकडचं एक जोडपं आलं, दोघांचं गाडीतच बिनसलेलं, एकमेकांशी बोलेनात. काका दोघांच्या मधे चालत होते. थोड्या वेळाने त्यांनी नवऱ्याला कळवलं की सौभाग्यवतींच्या सूचनेनुसार पाण्याची बाटली गाडीतच राहिलेली आहे. बाईंना हसू आवरेना. जेवताना तिघं एकाच ताटातली कोथिंबीरवडी खात होते. माणसं परत यायची ती माझ्या शेळ्यांसाठी नाही, हे मला दिसत होतं. मावसभावाला मात्र मी शेळ्या लोकप्रिय असल्याचं कळवलं.

मग तो क्रिकेटच्या अंतिम सामन्याचा रविवार आला. सगळ्यांनी बुकिंग रद्द केलं. काका मात्र नेहमीच्या गाडीने आले, घसा साफ केला, केस बसवले आणि विचारलं.

मी म्हटलं, "काका, आज कोणीच नाही. कुटुंब नाही एकही."

त्यांनी आत बघितलं. रेखा भांडी आवरत होती. आमची तनू, दुसरीतली, पायरीवर एकटीच सागरगोटे खेळत होती.

"मग ही कोण?" काका म्हणाले. "आज मला तुमच्याकडे लावा."

मला हसूच आलं. आम्ही कसले पाहुणे, आमची कामं पडलीत, असं काहीतरी म्हणालो. काकांनी तनूला विचारलं, मक्यात हरवायला मजा येते का गं? ती म्हणाली, मी गेलेच नाही कधी, ते गिऱ्हाइकांचं आहे.

तीन वर्षं मी सगळ्या नाशिकला कुटुंबाचा आनंद विकत होतो, आणि रविवार आला की आमच्या घरात तिघांची तीन तोंडं. एक फाटकाशी, एक चुलीशी आणि एक पायरीवर. जेवायचो तेही उभ्याने, ज्याला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा.

त्या दिवशी काकांनी आम्हाला आमचं शेत दाखवलं. रेखा पहिल्यांदा आमच्याच बैलगाडीत पाहुण्यासारखी बसली आणि उगाचच पदर सारखा करत राहिली. तनूने कणीस तोडलं. चक्रव्यूहात मी वाट दाखवायला पुढे झालो, पण ते असो. जेवायला काकांनी आम्हाला ओळीने सतरंजीवर बसवलं आणि भाकरी वाढायला स्वतः उभे राहिले. रेखा उठू लागली की म्हणायचे, "बस गं पोरी." तिचे डोळे भरून आले होते. धूर गेला म्हणाली. चूल विझलेली होती.

त्यानंतर पाहुण्यांची पंगत उठली की दर रविवारी आमची चौघांची बसायची.

थंडी सुरू होताना काका मोरीत पाय घसरून पडले. फार लागलं नव्हतं, पण मुलगा पुण्याहून धावत आला आणि त्यांना घेऊन गेला. चांगला मुलगा. काळजीच्या पोटी त्याने सामानही आवरू दिलं नाही. आमचा निरोप राहिला तो राहिलाच.

मग एका रविवारी, ऐन गर्दीत, त्यांचा फोन आला. किती मंडळी आलीत, कोण हरवलं, सगळं विचारलं. मी विचारलं, पुण्यात कसं काय? ते म्हणाले, सगळे खूप करतात. सुनेने खोलीत टीव्ही दिलाय. मग म्हणाले, "इथे सगळी घरचीच माणसं. कोणी ओळख करून देत नाही हो."

मी रेखाला हे सांगितलं. तिने हातातला झारा खाली ठेवला आणि म्हणाली, "पुढचा रविवार बंद ठेवा." मी नाताळच्या सुट्टीतलं बुकिंग, गिऱ्हाइकांची नाराजी वगैरे आठवून पाहिलं. सांगायचं धाडस काही झालं नाही.

तर आमच्या कुटुंबाची पहिली सहल पुण्याला निघाली, एका सोसायटीच्या फाटकापर्यंत. काका खाली वॉचमनशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. किती वेळ बसले होते ते वॉचमनने सांगितलं, त्यांनी नाही. वाळले होते. आवाज मात्र तोच. आम्हाला ओळीत उभं करून त्यांनी वॉचमनला एकेकाची माहिती दिली. मग भाजीवाल्याला, मग इस्त्रीवाल्याला. ही रेखा, हिच्या हातची भाकरी म्हणजे काय सांगू. ही तनू, दुसरीत आहे. आणि हे मालक, स्वतःच्याच मक्यात हरवतात.

पुढे उन्हाळ्याच्या आतच काका गेले. मुलाने फोन करून कळवलं. पण मला ते आठवतात ते पुण्यातल्या त्या दिवशीचे, लिफ्टमधले. वरच्या मजल्यावरच्या एक बाई आमच्याबरोबर आत आल्या. हसून म्हणाल्या, "पाहुणे आले वाटतं?"

मला वाटलं, आता पुन्हा सगळी माहिती सुरू होणार. पण काकांचा आवाजच फुटेना. आयुष्यभर भरल्या बसस्थानकात खणखणीत बोललेला माणूस. त्यांनी तनूचा हात धरला आणि अगदी हळू म्हणाले, "पाहुणे कसले. घरचेच आहेत."