मध्यंतराआधी बुडालेली नायिका

मंगळसूत्र कुठून आलं, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. पडद्यावरच्या मुलीचं लग्न अजून व्हायचं होतं आणि गळ्यात काळी पोत दिसत होती. त्याहून मोठा घोळ म्हणजे मध्यंतराआधी तिने नदीत उडी मारली होती आणि मध्यंतरानंतर ती कोरड्या लुगड्यात सासूशी भांडत होती.

"ही भूत आहे का?" पेंडसे साहेबांनी अंधारात मला विचारलं.

"तसं वाटत नाही, साहेब. भाकऱ्या थापून राहिली," मी म्हणालो.

शेवटच्या रिळात तिचं वाजतगाजत लग्न लागलं आणि समाप्त अशी पाटी आली. दिवे लागले. पेंडसे डोकं धरून बसले. बन्सीभाऊ मात्र डोळे पुसत होते.

बन्सीभाऊ म्हणजे माझे मालक. सीताबर्डीवर त्यांचं सिनेमा वितरणाचं ऑफिस होतं. मी तिथे फिल्म चेकर होतो. प्रिंट एका टॉकीजमधून परत आली की ती हाताने गुंडाळत तपासायची, फिल्मच्या कडेची फाटलेली भोकं आणि सुटलेले जोड दुरुस्त करायचे आणि पुढच्या गावाला रवाना करायची, हे माझं काम. प्रेक्षक हिरॉइनकडे बघतात, चेकर तिच्या बाजूच्या भोकांकडे बघतो. इतकी वर्षं सिनेमात काढूनही मला धड एक गोष्ट सांगता येत नाही, असं माझी बायको म्हणते ते त्यामुळेच.

आणीबाणी उठून थोडेच दिवस झाले होते. गोडाऊनच्या मालकाने भाऊंना जागा रिकामी करायला सांगितलं होतं, कारण आत एक जुनी नायट्रेटची प्रिंट होती. पूर्वीची फिल्म नायट्रेटची असायची आणि ती रॉकेलासारखी पेटते. इतवारीतला एक भंगारवाला ती न्यायला टपलेला होता. असल्या फिल्मा धुऊन चांदी काढायची आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या करायच्या, असा तो धंदा. कितीतरी जुने बोलपट असे बायकांच्या मनगटांवर संपले.

भाऊंना ते नको होतं. तरुणपणी ते फिरता तंबू घेऊन कन्हान, पारशिवनीकडच्या जत्रांमध्ये सिनेमा दाखवत. ह्याच पिक्चरवर त्यांचा तंबू उभा राहिला होता. ह्या पिक्चरची दुसरी प्रिंट कुठेच उरली नव्हती. म्हणून पुण्याच्या एका संग्रहातून पेंडसे आले होते. पटलं तर ते प्रिंट नेणार, नव्या फिल्मवर उतरवणार आणि जपून ठेवणार होते. त्यांची अट एकच होती, पिक्चर पूर्ण पाहिजे.

"हे पूर्ण नाही," पेंडसे म्हणाले. "मधले तुकडे गेलेत. असली तुटकी गोष्ट घेऊन मी पुण्याला काय सांगू?"

"तवाचे पिक्चर असेच राहत, साहेब," भाऊ म्हणाले. "पब्लिकचं काही अडत नव्हतं."

"अहो, पण ती बुडाली ना?"

"निघाली असन पोहून."

पेंडसे दोन दिवस थांबायला तयार झाले. मला वाटलं, गोडाऊनमध्ये डब्यांची उलटापालट झाली असेल. मी रिळं वेगवेगळ्या क्रमाने मांडून पाहिली. प्रत्येक वेळी नवीनच भानगड. एका मांडणीत तर मेलेला बाप कन्यादानाला हजर झाला. भाऊ येऊन मागे उभे राहत, काही न बोलता सुपारी कातरत आणि निघून जात. एरवी साध्या जोडावर मला ऐकवणारा हा माणूस गप्प का, ते कळेना. पिक्चर वाचवायचं ह्यांनाच आणि तोंड शिवलेलंही ह्यांचंच.

शेवटी पुन्हा एकदा पिक्चर लावून बघायचं ठरलं. ओळखीच्या टॉकीजमध्ये सकाळी, खेळ सुरू व्हायच्या आधी. ऑपरेटरने कुरकुर करत वाळूच्या बादल्या भरून ठेवल्या.

सुरुवातीच्याच एका रिळात मुलीचा बाप आणि मामा बैठकीत बोलत होते. मग ती थेट जात्यावर दळताना दिसली, आणि तेवढ्यात सनईचा एक सूर आला. डोळ्याची पापणी लवेपर्यंत होता आणि गेला. आदल्या खेपेलाही तो मी ऐकला होता, पण शेजारच्या कार्यालयात लग्न असेल असं समजलो होतो. आज बाहेर लग्न नव्हतं. मग जात्यावर सनई कोण वाजवतंय?

शेवटचं लग्न आलं तेव्हा मी कान टवकारून बसलो. अंतरपाट दिसला आणि त्यावर क्षणभर पाण्याचा खळखळाट. माझं डोकं आणखीच भणभणलं. जात्यावर सनई आणि लग्नात नदी!

मग एकदम उजेड पडला. फिल्मच्या कडेला आवाज छापलेला असतो, पण तो आपल्या चित्राच्या शेजारी नसतो, थोडा आधी असतो. म्हणजे एखादा प्रसंग कापून काढला, तर त्याचं चित्र जातं, पण त्याच्या आवाजाची पहिली चिमूट आधीच्या तुकड्याला चिकटून मागे राहते आणि पुढे जोडलेल्या चित्रावर वाजते. बैठकीच्या पाठोपाठ मुळात लग्न होतं. आणि जिथे आता लग्न होतं, तिथे नदी होती. तुकडे गहाळ नव्हते. कोणीतरी लग्न उचलून शेवटी नेलं होतं आणि शेवटची नदी मध्यंतराआधी आणून ठेवली होती.

मी ते बैठकीचं रीळ टेबलावर घेतलं आणि जोड शोधला. रुंद, स्वच्छ, ब्लेडने नीट खरवडून चिकटवलेला. कडेला सुईने ओरखडलेली बारीक फुली. हात लावताच ओळखला. मला जोड घालायला ज्यांनी शिकवलं, त्यांचीच ही फुली.

"भाऊ, हा जोड तुमचा होय."

भाऊंनी अडकित्ता खाली ठेवला. दार लोटलं.

"साहेबाले सांगशील तं नेणार नाही तो."

"उलट नेईल. पिक्चर पूर्ण आहे. पण काहून केलं असं?"

भाऊ स्टुलावर बसले.

"नवीन लग्न झालं होतं माझं. शांता तंबूत बसे, बायकांकडे. पहिल्याच खेळाले ते नदीचं आलं आन् ते उठून बाहेर गेली. दोन दिवस जेवली नाही गा. मी म्हटलं, उद्या पुन्हा ये, खरा शेवट दाखवतो. त्या दिवशी मशीन बिघडली होती म्हणून. रात्रभर बसून कापलं. मग तसंच चालू दिलं. लोक खूश होऊन घरी जात. तिले अजून तेच खरं वाटते."

मी तो जोड पुन्हा एकदा उजेडात धरून पाहिला.

पेंडशांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला मिठीच मारली. भाऊंनी आपले जोड स्वतःच्या हाताने उखडले. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. प्रिंट जाण्याआधी मूळ क्रमाने एकदा चालवून बघायची होती. नेमक्या त्या सकाळी शांताकाकू डब्यात पुरणपोळ्या घेऊन टॉकीजवर आल्या. त्यांना पिक्चरला निरोप द्यायचा होता.

"ऊन वाढून राहिलं, तू जाय घरी," भाऊ म्हणाले.

"मी बसतो. माह्या आवडीचं पिक्चर होय," काकू म्हणाल्या आणि बसल्या.

लग्न सुरुवातीलाच लागलं, तेव्हा त्यांनी मान वळवून भाऊंकडे पाहिलं. मग जात्यावरचं दळण, छळ, भांडणं. शेवटी नदी. पाणी शांत झालं आणि पाटी आली. दिवे लागले तरी कोणी उठेना. भाऊ चपलेकडे बघत होते.

"मंजे वाचली नाही का ते?" काकूंनी विचारलं.

"नाही वं," भाऊ म्हणाले.

काकूंनी पदराने डोळे टिपले. नवऱ्याकडे असं पाहिलं की मीच मान खाली घातली. मग डबा उघडून त्यांनी पहिली पोळी भाऊंच्या हातात दिली आणि पेंडशांना म्हणाल्या, "घेऊन जा, साहेब. तुमच्या पुण्यात मरू द्या तिले. आमच्या तंबूत नाही मेली पोरगी."

प्रिंट पुण्याला गेली आणि मूळ क्रमाने नव्या फिल्मवर उतरली. भंगारवाला हात हलवत परत गेला. मी पुढे बऱ्याच जुन्या प्रिंट सुधारल्या. मधेच कुठे हाताने घातलेला देखणा जोड दिसला की कात्री खाली ठेवतो. तो कोणी घातला, हे फुलीवरून कळतं. का घातला, ते मात्र मालकाच्या बायकोकडे बघून कळतं.