काशीची तालीम

आमच्या शेजारच्या काकांइतकी काशी अख्ख्या सांगलीत कुणाला माहीत नव्हती, आणि काका काशीला कधीही गेलेले नव्हते. कुठल्या गल्लीत बैल आडवा बसलेला असतो, स्टेशनाबाहेर पहिल्या रिक्षावाल्याला का नाही म्हणायचं, नाववाल्याकडे पाठ करून चालायला लागलं की तो किती पावलांवर भाव उतरवतो, हे सगळं ते इतक्या खात्रीनं सांगायचे की खरोखर जाऊन आलेली माणसं त्यांच्यासमोर गप्प बसायची. आमच्या कॉलनीतले एक आजोबा काशी करून आले आणि सहज म्हणाले, "मला तर तिथं कुणी फसवलं नाही बुवा." काकांनी त्यांच्याकडे फार दयेनं पाहिलं. म्हणाले, "तुम्हाला कळलं नसेल."

काकांची सगळी नोकरी जकात नाक्यावर गेली होती. ट्रकच्या ताडपत्रीखाली चलनात लिहिलेल्याशिवाय आणखी काहीतरी असतंच, या श्रद्धेवर त्यांनी तीस-बत्तीस वर्षं काढली आणि निवृत्त होताना ती श्रद्धा बरोबर घरी आणली. भाजीवाल्याची टोपली ते तळापासून उपसून बघत. लग्नाच्या पंगतीत जिलबी उलटी करून बघत. एकदा आईनं त्यांच्याकडे वाटीभर खीर पाठवली, तर वाटी हातात घेऊन त्यांनी मलाच विचारलं, "आज काय विशेष? काही काम आहे का वडलांचं?" मी नेहमीप्रमाणे काहीच बोलले नाही, त्यामुळे त्यांचा संशय पक्का झाला.

काकू तासगावकडच्या, द्राक्षाच्या बागा असलेल्या घरातल्या. बोलणं तिकडचंच राहिलं होतं. काकांना त्या "आवं" म्हणून हाक मारायच्या आणि त्या एका शब्दात माया, कंटाळा, धमकी, जे हवं ते बसवायच्या. त्यांनी आयुष्यात काकांकडे एकच गोष्ट मागितली, काशी. पुण्यबिण्य त्यांच्या डोक्यात नव्हतं. "आपली किस्ना बघ," त्या मला म्हणायच्या, "उन्हाळ्यात पल्याडची शेरडं मोजता येत्यात. मला पल्याडचं मानूस वळकू येत न्हाई एवढी नदी बघायची हाय. एकदाच."

काकांनी कधीही नाही म्हटलं नाही. उलट ते लगेच तयार झाले, आणि तिथंच सगळं बिनसलं. पेन्शनमध्ये काशी करायची तर एक पैसाही लुबाडला जाता कामा नये, आणि लुबाडलं जायचं नसेल तर आधी सराव हवा. सरावाला त्यांनी वाई निवडली. सांगलीहून लाल गाडीनं साताऱ्याला, तिथून वाईला. नदी आहे, घाट आहेत, काशीविश्वेश्वरही आहे. "दक्षिण काशी म्हणतात ते उगीच नाही," काका म्हणाले, "तालमीला उत्तम." ही तालीम दर वर्षी माघ-फाल्गुनात व्हायची. तेव्हा तिथं कृष्णाबाईचा उत्सव असतो, एकेका घाटाचा पाळीपाळीनं, आणि प्रसादाच्या पंगती उठतात. म्हणजे जेवणाचा खर्च परस्पर कृष्णाबाईवर.

मला बरोबर नेण्यात दोन्ही घरांचा स्वार्थ होता. मी इंग्लिश मीडियमची, घरात पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणारी. चार माणसांत जाऊन हिचं तोंड उघडेल, असं आईला वाटायचं. काकांना वाटायचं, कॉन्व्हेंटची मुलगी आहे, हिंदी चांगलं असणार. माझं हिंदी बरं होतं, पण काका चुकले की दुरुस्त करायचं माझ्याच्यानं होत नसे. त्यामुळे काकांचं हिंदी वर्षानुवर्षं जसंच्या तसं राहिलं.

प्रवासाचे त्यांचे नियम होते. पैसे एका जागी ठेवायचे नाहीत. थोडे मोज्यात, थोडे काकूंच्या बटव्यात, आणि मुख्य रक्कम बनियनला आतून शिवलेल्या खिशात. खिशाला चोर लागू नये म्हणून त्याचं तोंडही शिवून टाकलेलं. सातारा स्टँडवर एकदा वरचे पैसे संपले. भर गर्दीत काका शर्टाची बटणं काढून उभे आणि काकू सेफ्टी पिननं टाके उसवतायत. कंडक्टर म्हणाला, "आजी, दमानं. मानूस आत हाय." बाहेर चहा प्यायचा नाही. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि काकूंच्या माहेरचे बेदाणे एवढ्यावर दिवस काढायचा, पंगत मिळेपर्यंत. वाईजवळच्या मेणवलीला जायचं तर चालत. "काशीत पाय हेच वाहन," असं म्हणून काका पुढे निघायचे आणि मैलभर गेल्यावर दगडावर बसायचे, तेव्हा काकू त्यांच्या पुढे निघून गेलेल्या असायच्या.

वाईत पाऊल टाकलं की काका हिंदीत शिरायचे. घाटांना त्यांनी काशीची नावं दिली होती. ढोल्या गणपतीसमोरचा घाट म्हणजे दशाश्वमेध. कुणी परगावच्यानं रस्ता विचारला तर ते त्याला सरळ मणिकर्णिकेला पाठवायचे. एक माणूस नदीत म्हशी धूत होता. काका पायरीवर उभे राहून म्हणाले, "भैया, गंगा में कितना पानी है?"

त्यानं म्हशीच्या पाठीवरचा हात न काढता वर पाहिलं. "गुडघ्याएवढं हाय. आवं, मराठी येतंय की तुमास्नी. मगाशी काकूंवर वरडत हुता न्हवं?"

"बराबर," काका म्हणाले, "लेकिन आदत होनी चाहिए."

"कुनाला? म्हशीला?"

काकू पदर तोंडाला लावून खाली बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत.

पण तालमीचा मुख्य भाग असायचा पंड्याचा. काशीतल्या पंड्यांची काकांनी इतकी धास्ती घेतली होती की त्यांना रात्री पंडे दिसायचे. वाईत तसं कुणी नव्हतं. तिथले गुरुजी "या, बसा" म्हणायचे आणि काही मागायचे नाहीत, हे सरावाच्या दृष्टीनं फारच गैरसोयीचं होतं. म्हणून पंडा काकू व्हायच्या. दर्शन झालं की घाटाच्या पायरीवर पदर कपाळापर्यंत ओढून मांडी घालून बसायच्या. काका लांबून, नवखे असल्यासारखे चालत यायचे.

"आवो जजमान," काकू सुरू करायच्या, "किधर से आया? सांगली से? अरे देवा, तुमारा आजा मेरे आजा के पास आता था!"

"हमको कुछ नहीं चाहिए."

"तुमको नहीं चाहिए. मरे हुए बाप को चाहिए. गाय दान करेगा?"

"गाय किधर है?"

"गाय नदी के पल्याड है. पैसा इधर दो."

पैशांच्या जागी काका शेंगदाणे मोजायचे. ते नाही म्हणत निघून जायचे, काकू मागून त्यांच्या आईचं नाव घेऊन हंबरडा फोडायच्या, जाणारी-येणारी माणसं थांबायची, आणि काका घाईघाईनं मूठ रिकामी करून मोकळे व्हायचे. मग गायीमागोमाग वासरू यायचं, वासराला चारा लागायचा. शेवटी पुरचुंडीतला शेवटचा दाणा काकूंच्या ओटीत. काकू हसायच्या ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काका घाम पुसत म्हणायचे, "छे. अजून तयारी नाही. या वर्षी गेलो तर लुटले जाऊ." आणि काशी पुढच्या वर्षावर जायची.

असं पाच-सहा वर्षं चाललं. मी दहावी झाले, कॉलेजात गेले. पायऱ्या उतरताना काकू आता माझा दंड धरायच्या आणि मधेच थांबून श्वास घ्यायच्या. त्या वर्षी त्या पायरीवर बसल्या, काका समोर आले, आणि काकू मऊ आवाजात म्हणाल्या, "जो मन में आयेगा वो दो, जजमान."

काका थांबले. "म्हणजे?"

"म्हंजी काय. द्या एक दाना, आन जावा म्होरं."

काकांनी एक दाणा ठेवला. काकूंनी तो कपाळाला लावला. "जिंकलासा. आता तिकिटं काढा."

मी काकांकडे बघत होते. त्यांचा चेहरा हळूहळू नाक्यावरच्यासारखा झाला. "मुद्दाम हरलीस तू," ते म्हणाले. "काशीतला पंडा असं कधी म्हणेल का? हा सराव धरायचा नाही."

"आवं," काकू म्हणाल्या. त्या दिवशी त्या शब्दात काय होतं ते मला सांगता येत नाही. त्यांनी पुन्हा पदर ओढला आणि गायीपासून सुरुवात केली. काका पुन्हा हरले. पण त्या वेळी काकू हसल्या त्या काकांनी हसावं म्हणून.

पावसाळ्यात त्यांना मिरजेला दवाखान्यात ठेवलं. हृदय मोठं झालंय, असं डॉक्टर म्हणाले. काका औषधाच्या प्रत्येक बाटलीवरची तारीख वाचायचे, नर्सला दोनदा विचारायचे, आणि तिची पाठ वळली की तिसऱ्यांदा मला विचारायचे. एका दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा काका खाली औषधं आणायला गेले होते. काकू खिडकीकडे बघत होत्या.

"माझंच चुकलं बघ," त्या म्हणाल्या. "पंडा लय झ्याक केला मी. जरा वाईट केला असता तर काशी बघून आले असते."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "त्यास्नी सांगू नगंस. त्यांचा जीव बारका हाय."

गणपती बसायच्या आधी काकू गेल्या.

थंडीत काका एकटे काशीला गेले. मिरजेहून गाडीत बसवायला आम्ही गेलो होतो. बनियनचा खिसा त्यांनी या वेळी शिवला नव्हता. दोन आठवड्यांनी परत आले, आणि एवढी वर्षं काशी सांगणारा माणूस काशीबद्दल एक अक्षर बोलेना. आईनं विचारलं तर म्हणाले, "थंडी होती." कॉलनीतल्या आजोबांनी विचारलं तर म्हणाले, "बरं आहे गाव."

मी त्यांना डबा द्यायला जायचे. एका संध्याकाळी ते आपणहूनच म्हणाले, "पंडा भेटला गं."

मी दाराशी उभी राहिले.

"म्हातारा होता. माझ्याहून म्हातारा. हिच्या नावानं सगळं नीट केलं त्यानं. मी म्हटलं, कितना? तर म्हणाला, जो श्रद्धा हो, दे दीजिए." काका डब्याचं झाकण उघडून परत लावत होते. आत काय आहे ते त्यांनी पाहिलंच नाही. "ही म्हणाली होती तेच. अगदी तेच. एवढ्या वर्षांत त्यावर काय बोलायचं ते बसवलंच नव्हतं."

"मग?"

"मग काय. खिशात होते तेवढे ठेवले आणि खाली बसलो. तोच पाणी घेऊन आला." डबा बाजूला सरकवत ते म्हणाले, "तयारी जरा जास्तच झाली."

मला सहसा वेळेवर बोलायला सुचत नाही. घरी गेल्यावर सुचतं. पण तेव्हा मी म्हटलं, "काका, त्या गायीपाशी आल्या की काकू किती हसायच्या."

काकांनी मान वर केली. चष्म्याच्या काचा धुरकटल्या होत्या, त्या त्यांनी पुसल्या नाहीत.

"हो ना," ते म्हणाले. "म्हणून तर दर वर्षी वाटायचं, अजून एकदा वाईला जाऊन येऊ."