भत्ता बंद करण्याचं पत्र

"बघा, इथे येऊनसुद्धा सवलत सुटत नाही यांची."

काका दहा-बारा पाहुण्यांसमोर बोलले. हातात माझं पाकीट. फोडलेलं. बेकार भत्त्याच्या ऑफिसचं. मी पुऱ्या तळत होते. एकजण म्हणाला, "काय यार काका," आणि तोही हसलाच. काकूंनी माझ्याकडे न बघता श्रीखंडाचं पातेलं उचललं. मी पुरी उलटवली. एवढंच केलं. त्याचीच लाज मला आजही वाटते.

अमेरिकेत, सांता क्लारातलं ते त्यांचं घर. मागची खोली मी भाड्याने घेतलेली. काका माझे कोणी लागत नव्हते, पण इथे वडीलधारा मराठी माणूस म्हणजे काकाच. पहिल्या दिवशी काकूंनी विचारलं होतं, "नागपूरला कुठे?" मी वस्तीचं नाव सांगितलं. जात त्यांनी तेवढ्यावरून ओळखली.

२००२ साल होतं. मी सॉफ्टवेअर टेस्टर. कंपनी बंद पडली. ग्रीन कार्ड नुकतंच हातात आलेलं, म्हणून भत्ता तरी सुरू झाला. दर दोन आठवड्यांनी फॉर्म यायचा. काम शोधलंत का? कामाला तयार आहात का? सही करा, पोस्टात टाका. मी नोकरीत असताना कंपनीने माझ्या नावाने भरलेल्या करातला तो पैसा. कोणाच्या बापाचा नव्हता. पण हे त्या दिवशी तोंडातून निघालं नाही. उलट मी पोस्टाच्या पेटीवर पाळत ठेवायला लागले, चोरासारखी. आठ महिने काढले असे. आईला फोनवर सांगायची, ऑफिसात आहे. फोन ठेवून रडायची. जीव नकोसा झाला होता, खरं सांगते.

मग सिंगापूरची नोकरी आली. इंटरव्ह्यू झाला, रुजू व्हायची तारीख ठरली. एकच बाकी होतं. माझ्या ओळखीच्या कोणाशी तरी ते माझ्याबद्दल फोनवर बोलणार होते. जुना मॅनेजर कुठे गेला, पत्ता नव्हता. मी काकांचं नाव दिलं. आपली माणसं असंच करतात, अपमान गिळायचा आणि वडीलधाऱ्याचंच नाव टाकायचं. मूर्खपणा माझा.

शुक्रवारी मी भत्त्याच्या ऑफिसला पत्र लिहायला बसले. अमुक तारखेला देश सोडते आहे, तिकडे नोकरी लागली आहे, त्या दिवसापासून भत्ता बंद करा. काका दारात आले. पत्र वाचलं.

"बंद कशाला करतेस? फॉर्म येतील ते मी भरतो. तुझी सहीसुद्धा मारतो."

"मी इथे नसणार, काका."

"त्यांना काय कळतंय? आमचा निखिल चार महिने पुण्यात नोकरी करतोय. त्याचे मीच भरतो. सगळेच करतात."

निखिल त्यांचा मुलगा. त्याने खोटं सांगून भत्ता घेतला तर ती हुशारी. मी खरं सांगून घेतला तर सवलत. माझं डोकं सणकलं.

"माझी सही मीच करते," मी म्हणाले. "आणि माझी पाकिटं यापुढे फोडू नका."

काका शांतपणे म्हणाले, "सोमवारी त्यांचा फोन येणार ना? बघू."

वाटलं, पाय धरावेत. खरंच वाटलं, लपवत नाही. मन फिरेल या भीतीने मी तशीच चपला घालून निघाले आणि कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकून आले.

सोमवारी फोन आला. काका दार लावून बोलले. बुधवारी सिंगापूरहून मेल आला, तुमची निवड आम्हाला पुढे नेता येत नाही. कारण दिलं नव्हतं. नोकरी गेली, आणि भत्ता मी माझ्याच हाताने तोडलेला. दोन दिवस अंथरुणातून उठले नाही. मरावं असं वाटलं. तिसऱ्या दिवशी उठून भत्त्याच्या ऑफिसला फोन केला, खरं काय झालं ते सांगितलं, नवा अर्ज मागवला.

अर्ज आला त्या रविवारी घरात पुन्हा पाहुणे. मी तो घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले, ताटं सरकवली.

"अगं, खोलीत जाऊन भर ना," काकू म्हणाल्या.

"इथेच भरते, काकू. बेकार भत्त्याचा आहे. काका, निखिलचाही फॉर्म आणा. तो पुण्यात नोकरी करतो, ते लिहून टाकू."

कोणी हसलं नाही. काका उठून आत गेले.

महिनाअखेर मी खोली सोडली. नोकरी मिळायला आणखी सात महिने लागले. फार वाईट गेले. पण त्या टेबलाशी ठरवलं ते मोडलेलं नाही. माझ्या हक्काचं आहे ते मी उघड घेणार, चारचौघांत, वस्तीचं नाव सांगून. आणि मी माणूस म्हणून कशी आहे, हे सांगायचं काम पुन्हा कधी असल्या माणसाच्या हातात देणार नाही.