साबणाच्या डबीतलं विरजण

जावेनं जावेचं कौतुक केलं, तर ऐकणाऱ्यानं आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघावा. मला ताप नाही. वृषालीबद्दल जे सांगणार आहे ते पूर्ण शुद्धीवर सांगते आहे, आणि तिनं माझा पोळपाट दोनदा जाळलाय हे मुळीच विसरलेले नाही.

वृषाली माझ्या धाकट्या दिराची बायको. माहेर मंचरचं, आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. लग्नानंतरही ती घोडेगावजवळच्या आमच्या वस्तीवरून रोज एसटीनं मंचरला जायची, थोरल्या भावाच्या दुकानात काम करायला. सूरजचं ते दुकान विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचं आणि झटका मशीनचं. झटका मशीन म्हणजे शेताभोवतीच्या तारेत थांबून थांबून झटका सोडणारी पेटी. रानडुक्कर तारेला शिवलं तर मरत नाही, पण पुन्हा त्या वावराकडे फिरकत नाही. झटका कधी सोडायचा आणि कधी थांबायचं, हे त्या पेटीतली एक बारकी चिप ठरवते. चिप जन्मतः कोरी. तिला कॉम्प्युटरवरून शिकवावं लागतं, आणि ते शिकवणाऱ्या यंत्राला म्हणतात प्रोग्रॅमर. एका बाजूला यूएसबीची वायर, दुसऱ्या बाजूला चिपकडे जाणाऱ्या चार-सहा तारा, बस.

एक दिवस दुकानात गिऱ्हाइकानं विचारलं, "या ताई कोण?"

"बहीण हाय," सूरज म्हणाला. "नुसतं सोल्डरिंग करती."

हे बोलताना त्याचा हात ज्या मशीनवर होता, त्याचा प्रोग्रॅम वृषालीनं लिहिलेला होता. तिनं तारांना टाके घालायची ती तापलेली सोल्डरिंग गन प्लगमधून काढली, गार होऊ दिली, पिशवीत टाकली आणि निघाली. गार होऊ दिली, हे लक्षात घ्या. भावाची पिशवी ती रागातसुद्धा जाळत नाही, पोळपाट फक्त माझा. जाताना एवढंच म्हणाली, "दादा, तुझ्यावाचून सगळं माझ्या हातानं करून दाखवीन."

तेव्हापासून बहीण-भावाचं बोलणं बंद. निरोपांची ने-आण त्यांच्या आईकडे, ठमाबाईंकडे. "त्याला सांग, बीपी वाढलंय तर मीठ कमी खा." "तिला सांग, मी मीठ खात न्हाई." ठमाबाई भीमाशंकरच्या एसटीत बसून हे मीठ इकडून तिकडे वाहायच्या.

वृषालीनं आपलं दुकान थाटलं ते माझ्या स्वयंपाकघरात. कारण काय, तर घरात अर्थिंग असलेला प्लग तेवढाच. मी पोळ्या लाटणार आणि शेजारी ही धूर काढणार. पहिलं काम मिळालं ते समोरच्या वस्तीवरच्या बाजीरावांचं. डुकरं त्यांचा बटाटा रोज रात्री उकरत होती. आठवड्यात मशीन देते, असा वृषालीनं शब्द दिला.

मशीनच्या आधी प्रोग्रॅमर हवा. तो तिनं स्वतः बांधला. जुन्या माउसची वायर कापली, चिप आणि बारीकसारीक सामान प्लेटवर जोडलं, आणि सगळं माझ्या साबणाच्या डबीत बसवलं. डबी तिनं न विचारता घेतली होती, तेही नोंदवून ठेवते. मग लॅपटॉपला जोडून बघितलं. लॅपटॉपनं ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढचे दोन दिवस तिनं एकेक टाका तपासला. वायर उलटी का, टाका कच्चा का, डायोड फिरवून लागला का. सगळं बरोबर.

"तयार मिळतो की," मी म्हटलं. "घरपोच येतो."

"ताई, विकतचंच दही आणायचं तर म्हैस कशाला पाळायची?"

म्हैस माझी होती. मी उठून तिला वैरण घालायला गेले.

तिसऱ्या दिवशी तिनं कपाळावर हात मारला. प्रोग्रॅमरच्या आत जी चिप होती, तीच कोरी होती. मास्तरच अडाणी, तो पोरांना काय शिकवणार? या मास्तरला शिकवायला आधी दुसरा प्रोग्रॅमर पाहिजे. आणि तिच्या ओळखीत तो एकच होता, मंचरला, सूरजच्या टेबलावर.

वृषाली रडली. मोठ्यानं नाही, बटाटे चिरता चिरता. तिच्यावर चिडायला मला कारण लागत नाही, पण त्या दिवशी उरलेले बटाटे मी तिच्याकडून काढून घेतले आणि स्वतः चिरले. बाजीरावांना दिलेला शब्द जाणार होता, आणि भावाला दिलेला तर त्याआधीच.

त्याच दिवशी ठमाबाई आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मिश्री लावता लावता म्हणाल्या, "मंजी विरजण लागतंय म्हन की."

"आई, हे दह्याचं नाही."

"दही लावायचं तर पयला थेंब कुनाकडनं तरी आनावाच लागतो. त्यात कसली लाज? म्या तर सवत असती तर तिच्याकडनं बी आनला असता."

"मी मागणार नाही."

"तू कुठं मागतीस? मी मागती. आन ती चिप."

मी विरजणाची स्टीलची डबी घासून पुसून दिली. वृषालीनं चिप फॉईलमध्ये गुंडाळून त्यात ठेवली. ठमाबाई डबी कनवटीला लावल्यासारखी जपत एसटीत बसल्या.

पुढचं त्यांनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं. हायवेला कांद्याच्या ट्रॅक्टरांनी गाडी अडकली. दुकानात पोचेपर्यंत अंधार पडलेला. सूरजनं डबी उघडली, बघितलं, आणि चिप कुणाची ते त्याला लगेच कळलं. देऊ नये असं त्याला वाटत नव्हतं, पण सहज देणंही जमेना. मग त्यानं आईचाच नियम आईला सांगितला.

"दिवे लागल्यात, आई. दिवेलागणीनंतर विरजण देत न्हाईत. तूच म्हनतीस."

ठमाबाई उठल्या. दुकानाच्या दाराशी जाऊन त्यांनी मेन स्विच खाली ओढला. सगळं दुकान काळंकुट्ट.

"आता कुठं लागल्यात?"

लॅपटॉप बॅटरीवर होता. सूरजनं त्याच्याच उजेडात चिप आपल्या प्रोग्रॅमरवर बसवली आणि मिनिटभरात शिकवून परत डबीत ठेवली. "तोंड काय दिसलं न्हाई त्याचं," ठमाबाई म्हणाल्या. "पर हसत व्हता, मला ठाव हाय."

साबणाची डबी लॅपटॉपला जोडल्याबरोबर टुंग असा आवाज आला. बाजीरावांचं मशीन शब्दाप्रमाणे गेलं. डुकरं पहिल्याच रात्री केकाटत ओढ्यापलीकडे गेली, आणि मग एकामागून एक कामं येत राहिली. माझ्या स्वयंपाकघरात आता मला शिरायला जागा उरलेली नाही. सूरजशी बोलणं मात्र सुरू झालं नाही. विरजण आलं होतं आईच्या हातून. तो काही बोलला नव्हता, आणि ती वाट बघत होती.

मग परवा संध्याकाळी दारात सूरजच उभा. हातात तसलीच स्टीलची डबी. वीज बंद न करताच स्टार्टरमधल्या चिपला त्यानं आपला प्रोग्रॅमर जोडला होता, आणि तो धूर सोडून मेला होता. नवा बांधला, पण आतली चिप कोरी. हे सगळं तो मलाच सांगत होता, वृषालीकडे न बघता. ती टेबलाशी बसून बाजीरावांच्या मशीनचा फ्यूज बदलत होती, आणि बाजीराव शेजारी चहा पीत होते.

"पावणं कोन म्हनायचं?" बाजीरावांनी विचारलं.

सूरजनं हातातली डबी टेबलावर ठेवली.

"भाऊ हाय तिचा," तो म्हणाला. "मी नुसतं सोल्डरिंग करतो."

मी थापलेली भाकरी तव्यावर टाकली. वृषालीनं फ्यूज बसवला, पेटीचं झाकण लावलं, मग वर बघितलं. बाहेर अंधारलं होतं आणि आमचा बल्ब लागला होता.

"दादा," ती म्हणाली. किती दिवसांनी म्हणाली. "दिवे लागले की. आता विरजण देत नसतात."

सूरजचा चेहरा पडला. वृषाली उठली, भिंतीपाशी गेली आणि बटण बंद केलं.

"लाईट गेली का काय राव?" अंधारातून बाजीराव म्हणाले.

"नाही," मी म्हटलं. "बसा गप. विरजण चाललंय."

त्या अंधारात तव्यावरची भाकरी करपली. ती मी सूरजलाच वाढली, आणि त्यानं ती सगळी खाल्ली.