टेन्शन काढणारे काकाजी

जगात टेन्शन नावाची जी काही चीज आहे ती एक दिवस मुळासकट संपणार आणि ती आमचे काकाजीच संपवणार, याबद्दल निदान काकाजींच्या मनात तरी तिळमात्र शंका नाही. काकाजी म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे काका, माझे चुलतसासरे. उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केली. आता रिटायर होऊन आमच्या धाड गावात, आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात, आणि गावात कुणाच्या कपाळावर आठी दिसली की ती पुसल्याशिवाय जेवायला घरी जात नाहीत. माझं झेरॉक्सचं दुकान स्टँडसमोरच. तिथे येणारा माणूस मुळातच कसल्या ना कसल्या कागदाच्या काळजीत असतो. काकाजी बाकावर बसून प्रत्येक गिऱ्हाइकाचा चेहरा न्याहाळतात, आणि मी आधार कार्डाची दुसरी बाजू काढेपर्यंत इकडे त्याची नाडी काकाजींच्या हातात गेलेली असते. डॉक्टरांशी त्यांचं वैर नाही. दुखणं असेल तर ते स्वतः माणसाला दवाखान्यात नेऊन बसवतात. पण नुसत्या काळजीसाठी कुणी गोळी मागितली की ते खवळतात. "भेव काय दुकानातून इकत आणलं होतं का, त्याच्यावर गोळी इकत घ्याले?" असा त्यांचा रोकडा सवाल असतो.

त्यांचे उपाय सगळे फुकटचे आणि मातीतले. त्यातला पहिला, पहाटे अनवाणी पायांनी शेतात चालणे. ऐकायला किती छान वाटतं! पण काकाजींनी निवडलं ते हरभऱ्याचं शेत, आणि थंडीत हरभऱ्याच्या पानांवर जी आंब धरते ती किती आंबट आणि झोंबरी असते हे ज्याच्या टाचांना भेगा आहेत त्यालाच ठाऊक. निवडणुकीच्या ड्युटीचं टेन्शन घेतलेल्या एका हेडमास्तरांना ते असेच पहाटे घेऊन गेले. सर अर्ध्या शेतातून जे ओरडत सुटले ते थेट विहिरीच्या हौदात पाय घालूनच थांबले. काकाजी मागून शांतपणे आले आणि विचारते झाले की आता ड्युटीची आठवण आहे का. सर म्हणाले, कसली ड्युटी? काकाजींच्या मते उपाय शंभर टक्के लागू पडला होता. दुसरा उपाय हातांचा. काळजीत असलेल्या माणसाचे हात मोकळे ठेवायचे नाहीत, त्याच्यापुढे तुरीच्या शेंगांची टोपली ठेवायची. यामुळे काकूंची वर्षभराची तूर दुसऱ्यांच्याच काळजीतून सोलून निघते आणि त्या या उपायाच्या फार मोठ्या भक्त आहेत. तिसरा उपाय मोबाइलचा. त्यांच्या घरी गेलं की उंबऱ्यातच फोन काढून घेतात आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात ठेवतात. एकदा माझा फोन डब्यात वाजायला लागला आणि काकूंनी सबंध डबा कानाला लावला होता, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

गावातल्या बुद्धविहारात दर रविवारी आनापानाच्या ध्यानाला बसायचा परिपाठ मात्र ते मनापासून पाळतात. डोळे मिटायचे, येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहायचं, बस. आता यात बोलण्यासारखं काय आहे? पण कंडक्टरकीची सवय अशी की आत आलेला प्रत्येक प्रवासी नीट बसला की नाही हे विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. सगळीकडे कशी गाढ शांतता पसरते, आणि त्या शांततेत खर्जातला आवाज येतो: "आत गेला ना श्वास सगळ्यांचा? मांगच्यायचा गेला का?" शेवटी मंडळींनी त्यांना अगदी पुढे, भिंतीकडे तोंड करून बसवायला सुरुवात केली. आता ते भिंतीला विचारतात.

तर असा हा माणूस, आणि त्याच्या हातात एक दिवस माझी पोरगी सापडली. प्रज्ञा माझी थोरली. पोलीस भरतीची तयारी करते. गावाबाहेरच्या रस्त्यावर ती पहाटे पळायला लागली की मोटारसायकलवाले कौतुकाने स्पीड कमी करतात, इतकी सुंदर पळते. पण भरतीच्या मैदानावर दोनदा नापास झाली. कारण एकच. सुरुवातीची शिट्टी वाजली की तिचे पाय गार पडत, छातीत धडधड होई, आणि बाकीच्या पोरी वळणावर पोहोचल्या तरी ही आपली रेघेवरच. यंदाची तिसरी खेप. तिकडे माझ्या आईने एक स्थळ हेरून ठेवलेलं. यंदा जमलं नाही तर मुकाट्याने लग्नाला उभं राहायचं, असं घरात ठरून गेलं होतं, आणि त्या ठरवण्यात मीही मान हलवली होती. पोरीची जेवणावरची वासना उडाली. ते स्थळ वाईट नव्हतं हो, पण तिला वर्दी हवी होती, आणि ती हवी किती हे तिच्या तोंडाकडे पाहिलं की कळायचं.

काकाजींनी तिला समोर बसवून सगळं ऐकून घेतलं आणि जाहीर केलं की पोरीला पळायचं भेव नाहीच, भेव आहे शिट्टीचं. "शिट्टीले काऊन भेतं वो माय? ज्याचं भेव वाटते ना, त्याले रोज घरी जेवाले बोलवाव." मग पेटीतून त्यांची नोकरीतली शिट्टी निघाली. आणि काय सांगू महाराज, आमच्या घराचं मैदान झालं! पोरगी घास तोंडात घालतेय, खिडकीतून शिट्टी. पोरगी केस विंचरतेय, मागून शिट्टी. पहिल्या आठवड्यात तिच्या हातून दोन कपबश्या गेल्या, माझी दाढी करताना गाल कापला, आणि आईने तर काकाजींना उंबरा चढायची बंदी केली. म्हणून त्यांनी इलाज बाहेर हलवला, तो नेमका आठवडी बाजाराच्या दिवशी.

आता आमचा बाजार भरतो स्टँडलाच लागून, आणि स्टँडवर शिट्टीचा अर्थ एकच. गाडी मागे घ्यायची असली की कंडक्टर खाली उतरून, मागे उभा राहून शिट्टी वाजवतो आणि ड्रायव्हर तिच्या भरवशावर डोळे मिटून रिव्हर्स घेतो. काकाजींची शिट्टी तर सगळ्यांच्या ओळखीची. प्रज्ञा मेथीची जुडी पाहायला वाकली, काकाजींनी दमदार शिट्टी मारली, आणि शेजारी उभ्या काळ्यापिवळ्या जीपच्या ड्रायव्हरने बिनदिक्कत गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. काकाजी घाबरले. त्याला थांबवायला त्यांनी आणखी जोरात शिट्टी फुंकली. ड्रायव्हरला वाटलं, मागे भरपूर जागा दिसतेय, येऊ द्या. काकाजी फुंकत मागे सरताहेत, जीप मागे येतेय, लोक कांद्याच्या पाट्या उचलून पळताहेत! शेवटी काकाजी उताणे पडले ते शिंदीच्या झाडूंच्या ढिगात, आणि जीप त्यांच्या पायांपासून वीतभरावर थांबली. कुणाला खरचटलंही नाही. झाडूवाल्या बाईने मात्र कमरेवर हात ठेवून त्यांना एवढंच विचारलं की बाबा, तुम्ही नक्की रिटायर झाले आहात ना? आणि आमची प्रज्ञा मेथीच्या जुड्या छातीशी धरून भर बाजारात मटकन खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कित्येक दिवसांत मी तिचं हसू ऐकलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी त्या बाईचे चार झाडू घेऊन टाकले.

भरतीच्या दिवशी आम्ही बुलढाण्याला गेलो. जीपमध्ये काकाजींनी सगळ्या प्रवाशांकडून लांब श्वास घेववले. गेटवर प्रज्ञाच्या डोक्यावर हात ठेवला, ती आत गेली. आम्हाला बाहेरच थांबायचं होतं. तिच्या बॅचचा पुकारा झाला आणि मी वळून पाहतो तर काकाजी गायब! शोधत शोधत गेलो तर चहाच्या टपरीमागे, दगडावर, डोळे गच्च मिटून आणि दोन्ही कानांत बोटं घालून बसलेले. मी खांद्याला हात लावला. एका कानातलं बोट काढून त्यांनी विचारलं, झालं का? मी म्हटलं, नाही अजून. बोट परत कानात. मी शेजारी टेकलो आणि ते बोट बाजूला करून चेष्टेने म्हटलं, काकाजी, लांब श्वास घ्या. तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"जवाईबापू, मले लहानपणापासून भेव वाटते," ते म्हणाले. "गर्दीचं, अंधाराचं, घरी कोणी येयाले उशीर केला तं त्याचं. रोज गाडीत चढतानी हात कापे. ज्याले भेवच नाही, त्याले कायले लागतात वो इतके उपाय?"

आणि त्यांनी बोट परत कानात घातलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आत शिट्टी वाजली, ती त्यांनी ऐकली नाही, मी ऐकली, आणि माझेच डोळे गच्च मिटले. मग बराच वेळ नुसता गलका. आणि मग प्रज्ञा गेटातून धावत बाहेर आली, घामाने निथळत, नाकाचा शेंडा लाल, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून मी बसल्या जागी रडायला लागलो. शिट्टी झाली आणि तिला हसूच फुटलं म्हणे, आणि हसतच ती सगळ्यांच्या पुढे निघाली. काकाजी अजून कानात बोटं घालून बसले होते. तिनेच वाकून ती बोटं बाहेर काढली आणि कानाशी सांगितलं, "आबा, पास निघाली मी."

लेखी परीक्षेतही ती पास झाली. आईने स्थळवाल्यांना आपणहून नकार कळवला. प्रज्ञा आता ट्रेनिंगला आहे, पार दूर. रविवारी तिचा फोन येतो. काकाजी माझ्या हातातून तो ओढून घेतात आणि तिला लांब श्वासापासून सगळं पुन्हा समजावून सांगतात, आणि गुणाची पोर मुकाट ऐकून घेते. गेल्या रविवारी फोन झाल्यावर ते तसेच बाकावर बसून राहिले. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, त्यांनी कुणाच्या कपाळाकडे पाहिलं नाही. मग हळूच मला म्हणाले, "तिले तिथं रातीबिराती भेव वाटलं तं कोणापाशी जाईन वो ते?" मी म्हटलं, काकाजी, तिला आता भेव वाटत नाही, तिनेच सांगितलं ना. ते हाव म्हणाले. आणि मग म्हणाले, "मंग माहं काय काम राह्यलं?"

मी शटर अर्धं ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसलो. म्हटलं, माझं टेन्शन आहे ना. मला तर ती गेल्यापासून झोपच नाही.

काकाजींनी माझ्याकडे निरखून पाहिलं, माझा हात ओढून घेतला आणि नाडी पाहायला लागले.