फळीच्या आत कुणीतरी बोलतंय

आमच्या आत्याने उभा जन्म टेलिफोन एक्सचेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडण्यात घालवला. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरींचा गुंता. त्या खोलीला खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की अंधारून आलंय, हे तिला लोकांच्या आवाजावरून कळायचं. सकाळचे आवाज घाईत असतात, दुपारचे जेवून जड झालेले असतात आणि संध्याकाळी माणसं उगाचच हळू बोलतात, असं ती सांगते. खरं-खोटं तिला माहीत. आम्ही घरचे सगळे तिच्याशी कुठल्याही वेळी जपूनच बोलतो.

निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, नाहीतर डॉक्टरला. आत्या सुतारकामाला लागली. आधी एक करवत आली, मग रंधा, मग पटाश्यांचा संच. घरातली मागची खोली ‘पाहुण्यांची खोली’ म्हणून ओळखली जायची, पण तिच्यात पाहुणा कधी टिकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ती तिने ताब्यात घेतली. गल्लीतलं एक जुनं झाड वादळात आडवं झालं, तेव्हा इतर लोक रस्ता कधी मोकळा होणार याची चौकशी करत होते. आत्या खोडाची चौकशी करत होती. ते कापून आणून तिने फळ्यांची चळत रचली. दोन फळ्यांच्या मध्ये बारीक पट्ट्या ठेवल्या, म्हणजे वारा खेळतो. मग ती त्या फळ्या विसरून गेली. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. तिचं म्हणणं, लाकडाला वाळायची घाई केली की ते मागाहून वाकड्यात शिरतं.

आता काका. म्हणजे आत्याचे यजमान. ते ग्रंथपाल होते आणि अंगाने थेट त्यांच्याच वाचनालयातल्या कपाटासारखे होते: रुंद, भरलेले आणि सहसा जागचे न हलणारे. एके दिवशी ते अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पेपर वाचत बसले होते. खुर्चीचे चार पाय चार दिशांना गेले आणि काका उरलेल्या दिशेला, म्हणजे खाली. हाड मोडलं नाही, पण विश्वास मोडला. त्या दिवसापासून काका बसेनात. जेवायचे ओट्याशी उभं राहून, पेपर वाचायचे खिडकीशी उभं राहून.

“अहो, सोफ्यावर तरी बसा,” आत्या म्हणायची.

“सोफ्याच्या आत काय आहे ते दिसत नाही.”

“मग पलंगावर कसे झोपता?”

“तिथे मी आधीच पडलेला असतो. आणखी कुठे पडणार?”

हे ऐकायला गमतीचं होतं, पण संध्याकाळपर्यंत काकांचे पाय सुजून उशीसारखे व्हायचे. डॉक्टर म्हणाले, पायांना आराम द्या, दिवसा बसा, नाहीतर प्रकरण हृदयापर्यंत जाईल. काका म्हणाले, बसतो, पण कशावर ते सांगा. डॉक्टरांकडे त्यावर गोळी नव्हती.

“मी करते तुम्हाला खुर्ची,” आत्या म्हणाली. “टेकायला दोन हात असलेली. तुम्ही बसाल आणि ती हूं की चूं करणार नाही.”

काकांनी चळतीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बघू.” नवरा-बायकोच्या भाषेत या शब्दाचे अनेक अर्थ होतात. हा बहुतेक होकार होता.

दुसऱ्याच सकाळी काकांनी मागच्या खोलीतून हाक मारली. “अगं, इथे पीठ कुणी सांडलंय?”

आत्या आली, वाकली आणि तिने चिमूट उचलून बोटांत चोळली. पीठच होतं, पण गव्हाचं नव्हे. फळीखाली पावडरचा नाजूक ढीग जमला होता आणि वर लाकडात टाचणीने टोचल्यासारखी भोकं होती. भुंगा लागला होता.

आता दुसरी कुणी असती तर कपाळाला हात लावून बसली असती. आत्याने लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक फळीवर टेकवलं, मुठीला कान लावला आणि डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, “हॅलो?”

मग बराच वेळ काही नाही. मी दारात उभा होतो. उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात लाकडाचा धुरळा इतका सावकाश तरंगत होता की तो खाली येतोय की वर जातोय, कळत नव्हतं.

“एंगेज आहे,” आत्या हळूच म्हणाली. “ये, ऐक.”

मी कान लावला. आधी माझंच रक्त ऐकू आलं. मग फार लांबून, जणू दुसऱ्याच घरात कुणी नखाने कागद खरवडत असावं तसं, कुर्र... कुर्र... थांबून पुन्हा कुर्र. आत एक अळी अंधारात स्वतःच्या अंगाएवढा बोगदा खात पुढे चालली होती. तिला खोली माहीत नव्हती, घर माहीत नव्हतं, खुर्चीचं ठरलंय हे तर मुळीच माहीत नव्हतं. तिच्यापुरतं सगळं जग म्हणजे पुढचा घास. ऐकता ऐकता मलाच वाटायला लागलं की आपण आत आहोत, लाकडाच्या गोड अंधारात, आणि बाहेर कुणीतरी मोठा कान लावून बसलंय. आत्याने स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला तेव्हा मी दचकलो.

“माझंही तसंच होतं,” ती म्हणाली. “खिडकी नसलेल्या खोलीत काम केलेलं माणूस आहे मी. मला यांच्यावर रागावताच येत नाही.”

पण काका रागावले. पुस्तकं खाणारी कसर त्यांनी आयुष्यभर मारली होती आणि या विषयात घरात आपला शब्द शेवटचा असं त्यांचं मत होतं. त्यांनी डांबराच्या गोळ्या आणून चळतीच्या फटीफटीत खुपसल्या. भुंग्यांवर परिणाम दिसला नाही, पण शेजारच्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे ट्रंका उघडल्यात का, कुठे लग्नाला निघालात? मग आत्याने स्वतःचा उपाय काढला. गच्चीवर पट्ट्यांवर फळ्या अंथरल्या, वरून काळं प्लॅस्टिक घट्ट गुंडाळलं आणि उन्हाळ्याच्या उन्हाला सांगितलं, आता तूच बघ. लाकूड गाभ्यापर्यंत तापलं की आतलं कुणी वाचत नाही. दुपारी ती गच्चीच्या दाराशी सावलीत बसून राहायची. प्लॅस्टिक उन्हात लकाकायचं, त्याच्यावरची हवा पाण्यासारखी हलायची आणि सगळी गच्चीच कुठेतरी सावकाश निघाली आहे असं वाटायचं.

त्या दिवसांत मागच्या खोलीच्या काचेवर एकेक भुंगेरा सापडायचा. फळ्या वर जाण्याआधीच बाहेर पडलेले. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, तपकिरी, उजेडाला चिकटलेले. अख्खं बालपण अंधार खाण्यात घालवून हे प्राणी शेवटी खिडकीशी येतात, हे आत्याला फार लागलं. मारायचे तर होतेच. ती मारायची, पण आधी “सॉरी, लाईन कट करते हं” म्हणून.

ऊन खाऊन फळ्या खाली आल्या. त्यांना कीड मारणारं बोरॅक्सचं पाणी पाजलं, वाळवलं आणि ठोकळ्यांवर ठेवून खाली काळा कागद पसरला. पांढरं पीठ काळ्यावर चटकन दिसतं. जितकी पावडर, तितका भुंगा. नुसत्या कानावर तिला भरवसा ठेवायचा नव्हता, कारण अळी कधीकधी चिडीचूप बसते. पण दिवसामागून दिवस गेले आणि कागद काळाभोर. स्क्रू-ड्रायव्हर लावला तरी शांतता. “लाईन मोकळी!” आत्याने जाहीर केलं आणि करवत घेतली.

खुर्ची होऊ लागली. पाय झाले, बैठक झाली, पाठ झाली, दोन्ही हात घासून गुळगुळीत झाले. काका दाराशी उभे राहून बघायचे, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत. सांधे जुळवायच्या आधी आत्या कागद दाखवून म्हणाली, “बघा, एक कण नाही!”

“असेल कसा?” काका खूष होऊन म्हणाले. “तू अंघोळीला गेलीस की मी रोज पुसतो.”

“काय पुसता?”

“कागद. काळ्यावर धूळ फार दिसते गं. वाचनालयात मी एक कण राहू द्यायचो नाही.”

आत्या जमिनीवरच बसली. मला वाटलं आता भडका उडणार. पण तिचे खांदे हलायला लागले आणि ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. “अहो, तुमच्याच खुर्चीची साक्ष तुम्ही रोज सकाळी फडक्याने पुसत होतात!”

काकांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. आलं, तेव्हा त्यांनी फडकं आपणहून आत्याच्या हातात दिलं.

मग सगळे भाग पुन्हा वेगवेगळे काळ्या कागदावर मांडले. काकांना त्या खोलीत हात पाठीमागे बांधून यायची परवानगी होती. पाय निष्कलंक निघाले, बैठक आणि पाठही. आणि एका सकाळी डाव्या हाताखाली चिमूटभर मिठासारखं काहीतरी दिसलं. आत्याने कान लावला. कुर्र.

हे का झालं ते तिला लगेच कळलं. झाडाचा आतला गाभा गडद असतो, त्याला हा भुंगा तोंड लावत नाही. त्याला आवडतं बाहेरचं फिकट, गोडसर लाकूड. बाकी सगळीकडून तिने ते काढून टाकलं होतं. या एका हाताच्या कडेला फिकट पट्टा राहू दिला होता, कारण तो पहाटेच्या रेघेसारखा दिसत होता. तिथेच कुणीतरी उन्हातूनही वाचलं होतं.

“एकटाच आहे बिचारा,” काका म्हणाले. “खाऊन खाऊन किती खाईल? बसव तसाच.”

“त्याच्यावर भार देऊन तुम्ही उठणार. तो पोकळ झाला की मला फोन करून सांगणार आहे का?”

“मग सुताराकडून तुकडा आण.”

“त्याच्या लाकडात काय बोलतंय ते मला काय माहीत? तुम्हाला शब्द मी दिलाय, सुताराने नाही.”

तेवढ्या जाडीचं तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. तिने तो हात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पुन्हा गच्चीवर नेऊन ठेवला. “होल्डवर आहे,” म्हणाली. आणि खुर्ची त्याच्याशिवाय जोडली.

ती बाहेरच्या खोलीत खिडकीशी ठेवली तेव्हा दुपार कलली होती. काकांनी तिच्याभोवती चक्कर मारली, पाठ दाबून पाहिली, गुडघ्याने पाय ढोसला.

“ही अर्धीच आहे.”

“एकहाती आहे. मी एकहाती केली, म्हणून एकहाती झाली.”

“डावीकडे कलंडेल.”

“मी बसून उड्या मारल्यात.”

“तू पिसासारखी. तुझ्या उड्यांचं काय सांगतेस!”

 आत्या खुर्चीच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली, जिथे हात असायला हवा होता तिथे, आणि म्हणाली, “धरा.”

काकांनी उजव्या मुठीत लाकडाचा हात धरला, डावा पंजा तिच्या खांद्यावर ठेवला. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ते खाली येऊ लागले, गोदीत मोठं जहाज लागावं तसे, सावकाश, श्वास धरून. बैठकीला टेकले. आणखी थोडा भार. मग सगळा.

खुर्ची हूं की चूं करेना.

खिडकीतलं ऊन त्यांच्या सुजलेल्या पावलांवर पडलं होतं. काकांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून कितीतरी दिवसांचं उभेपण उतरत गेलं. बाहेर कुणी सायकलची घंटी वाजवली, ती फार दूर वाजल्यासारखी वाटली.

“कसं वाटतंय?” आत्याने विचारलं.

“थांब.”

थांबली. काकांचा पंजा तिच्या खांद्यावरून निघाला नाही. थोड्या वेळाने तिने पाय बदलला, मग पुन्हा बदलला.

“पावसाळ्याआधी दुसरा हात बसवीन म्हणते,” ती म्हणाली.

“घाई काय आहे?” काका डोळे न उघडता पुटपुटले.

आत्याने माझ्याकडे पाहून मानेने खूण केली. मी मागच्या खोलीतून तिचं कामाचं स्टूल आणून तिच्यामागे सरकवलं. ती काकांचा हात न हलवता बसली. आता घरात उभा असलेला मी एकटाच होतो.